तुटणे, फुटणे, मोडणे, फाटणे: इंग्रजीत कोणते क्रियापद कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकायला लागल्यावर ‘ब्रेक’ हा शब्द लवकरच भेटतो आणि पुढे वर्षानुवर्षे आपण त्याच्या एकट्याच्या जिवावर काम चालवतो. फुगा ब्रेक होतो, शर्ट ब्रेक होतो, धरणही ब्रेक होते. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण वाक्य खटकते. शिकणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. जिथे मराठी माणूस हमखास अडखळतो, तिथे उत्तर मुद्दाम लांबवले आहे.

‘फुटणे’ला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द कोणता?

एकच असा नाही, आणि तो शोधत बसल्यामुळेच निम्म्या चुका होतात. मराठी आधी वस्तू पाहते. लांबट, ताणलेली वस्तू तुटते: दोरी, तार, साखळी. पोकळ किंवा ठिसूळ वस्तू फुटते: मडके, काच, फुगा. ताठ वस्तू मोडते: काठी, खुर्ची, हाड. पातळ आणि मऊ वस्तू फाटते: कापड, कागद. यातला शेवटचा भेद इंग्रजीही कसोशीने पाळते. कापड आणि कागद यांना ‘टेअर’ किंवा ‘रिप’ लागते, ‘ब्रेक’ कधीच नाही. बाकीच्या तिन्हींना बऱ्याचदा ‘ब्रेक’ चालून जाते.

पण नेमके बोलायचे असेल तर इंग्रजी वेगळीच चौकशी सुरू करते. जोर आतून आला की बाहेरून? आवाज कसला झाला? तुकडे किती आणि केवढे? वस्तू वेगळी झाली की नुसती रेघ उमटली? बर्स्ट, स्नॅप, शॅटर, क्रॅक, स्मॅश हे सगळे शब्द या प्रश्नांची उत्तरे आहेत. म्हणून ‘फुटणेला काय म्हणतात’ असे विचारू नका, ‘काय फुटले आणि कसे फुटले’ असे विचारा.

ही तफावत मराठी-इंग्रजीपुरती नाही. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक मानसभाषाविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २८ भाषांच्या भाषकांना कापण्या-तोडण्याच्या त्याच त्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि काय दिसले ते सांगायला लावले. कात्रीने कापल्यासारखे नेमक्या जागी होणारे तुकडे वेगळे आणि कुठेही, कसेही होणारे तुकडे वेगळे, हा भेद भाषांमधून पुन्हा पुन्हा समोर आला. त्यापुढची वाटणी मात्र जिची तिची निघाली.

‘बर्स्ट’ कधी वापरायचे?

आत काहीतरी कोंडलेले हवे, त्याचा दाब हवा आणि ते अचानक बाहेर पडायला हवे. फुगा, टायर, पाण्याची पाइप, धरण, बुडबुडा, गळू: या सगळ्यांना ‘बर्स्ट’. काचेच्या रिकाम्या ग्लासात कोंडलेले काही नसते, म्हणून ‘द ग्लास बर्स्ट’ चूक आणि ‘द ग्लास ब्रोक’ बरोबर. दोरीच्या आतही काही नसते. तिथे ‘स्नॅप’ किंवा ‘ब्रेक’.

थंड प्रदेशात हिवाळ्यात ‘बर्स्ट पाइप्स’ ही नेहमीची तक्रार असते. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, अडकलेल्या पाण्यावरचा दाब प्रचंड चढतो आणि पाइप उकलते. दाब आतला आहे, म्हणून शब्दही ‘बर्स्ट’च. नदीने काठ सोडले की ‘द रिव्हर बर्स्ट इट्स बँक्स’ म्हणतात. इथे नदी कर्ता आहे आणि काठ कर्म, हे नीट पाहून ठेवा. नदी स्वतः ‘बर्स्ट’ होत नाही.

मराठीशी तंतोतंत जुळणारा एक शब्द आहे: ढगफुटी म्हणजे ‘क्लाउडबर्स्ट’. आणि अगदी न जुळणारा एक प्रयोगही आहे. बाळंतपणाआधी पाणमोट फुटते तेव्हा इंग्रजीत ‘बर्स्ट’ म्हणत नाहीत. ‘हर वॉटर्स ब्रोक’ असे ब्रिटिश म्हणतात, ‘हर वॉटर ब्रोक’ असे अमेरिकन. दवाखान्यात घाईच्या वेळी लागणारे वाक्य आहे, तेवढे पाठच करून ठेवा.

पॉप, एक्स्प्लोड, ब्लो अप आणि इम्प्लोड यांचे काय?

‘पॉप’ म्हणजे ‘फट्’ असा हलका आवाज: फुगा, बुडबुडा, बाटलीचे बूच. विमान खाली उतरताना कानात होते तेही ‘पॉप’च. ‘एक्स्प्लोड’मध्ये स्फोट हवा, म्हणजे उष्णता, धक्का, इकडेतिकडे उडालेले तुकडे. ‘ब्लो अप’ हे त्याचेच बोलीतले रूप, पण जपून वापरा. ‘ब्लो अप द बलून’ म्हणजे फुगा फोडणे नव्हे, फुगवणे. धावत्या गाडीचा टायर फुटला तर ‘द टायर बर्स्ट’ किंवा ‘द टायर ब्लू आउट’. हळूहळू हवा गेली तर ते पंक्चर, आणि त्याला ‘बर्स्ट’ म्हणत नाहीत.

‘इम्प्लोड’मध्ये दिशा उलटी असते. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त झाला की वस्तू आतल्या आत चिरडली जाते. समुद्रात दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढत जातो, म्हणून खोल पाण्यात पाणबुडीचे कवच हार मानते तेव्हा ‘इम्प्लोड’ हाच शब्द लागतो. लाक्षणिक वापरही याच चित्रावरून आला आहे. एखादा संघ किंवा कंपनी बाहेरच्या शत्रूमुळे नव्हे, आपापसातल्या भांडणांमुळे कोसळली की ‘इट इम्प्लोडेड’.

‘एक्स्प्लोड’ची कुळकथा सांगायलाच हवी. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ नटाला टाळ्या पिटून, हुर्यो करून रंगमंचावरून हाकलणे असा होता. तो जुना धागा ‘एक्स्प्लोड अ मिथ’ या प्रयोगात अजून शिल्लक आहे: एखादा भ्रम खोटा पाडून हद्दपार करणे.

काच फुटली. ब्रेक, क्रॅक, चिप, शॅटर की स्मॅश?

गाडीच्या काचेवर खडा उडाला असे समजा. बारीकसा टवका उडाला तर ‘चिप’. टवक्यापासून रेघ पसरत गेली, पण काच जागेवर आहे, तर ‘क्रॅक’. मराठीत आपण तडा गेला म्हणतो. समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, म्हणून ती बहुधा ‘क्रॅक’ होते, पण तुकडे चिकटून राहतात. बाजूची काच बहुतेक गाड्यांत कठीण केलेली असते. ती फुटली की एका क्षणात शेकडो बोथट दाण्यांचा ढीग होतो. हे ‘शॅटर’. कुणी दगड घालून ती फोडली तर ‘समवन स्मॅश्ड द विंडो’.

म्हणजे ‘शॅटर’ परिणाम सांगते: तुकडे पुष्कळ, पुन्हा जोडण्याची आशा नाही. ‘स्मॅश’ जोर सांगते: कुणीतरी किंवा कशानेतरी दणका दिला. ‘ब्रेक’ यातले काहीच सांगत नाही. म्हणून तपशील माहीत नसेल तेव्हा ‘ब्रेक’ म्हणणेच प्रामाणिक. पोलिसात किंवा विम्याच्या अर्जात ‘स्मॅश्ड’ लिहिले तर वाचणारा आधी तोडफोड किंवा जोराची धडक गृहीत धरेल.

काचेचा एक जुना चमत्कार या क्रियापदांसाठी फार उपयोगी पडतो. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात सोडला की बेडकाच्या पिल्लासारखा शेपटीवाला थेंब तयार होतो. त्याला ‘प्रिन्स रुपर्ट्स ड्रॉप’ म्हणतात आणि सतराव्या शतकापासून लोक त्याच्यामागे लागले आहेत. त्याचे डोके हातोडीचा घाव सोसते. पण शेपटी चिमटीत धरून मोडली की अख्खा थेंब भुगा होऊन उडतो. आतली तड सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते. इंग्रजीत सांगायचे तर ‘द टेल स्नॅप्स’, मग ‘अ क्रॅक रेसेस थ्रू द ग्लास’ आणि शेवटी ‘द होल ड्रॉप एक्स्प्लोड्स’. एका घटनेला तीन क्रियापदे लागली, कारण तीन वेगळ्या गोष्टी घडल्या.

काठी, फांदी, लाकूड, भिंत यांना काय म्हणायचे?

कट्‍कन मोडली तर ‘स्नॅप’. लांबीच्या दिशेने चिरफळी झाली तर ‘स्प्लिट’. टोकदार सळ्या निघाल्या तर ‘स्प्लिंटर’, आणि बोटात शिरणारे कुसळही ‘स्प्लिंटर’च. जुनी भिंत भुगा होत ढासळते तेव्हा ‘क्रंबल’, एकदम खाली बसते तेव्हा ‘कोलॅप्स’. वजनाखाली चेंगरली ती वस्तू ‘क्रश’ झाली.

हाड मोडले. ‘ब्रेक’ म्हणायचे की ‘फ्रॅक्चर’?

दोन्ही एकच. ‘फ्रॅक्चर’ म्हणजे नुसती तड आणि ‘ब्रेक’ म्हणजे पूर्ण तुकडे, ही समजूत सगळीकडे पसरलेली आहे, पण वैद्यकात तसा भेद नाही. डॉक्टर ‘फ्रॅक्चर’ लिहितात, घरी ‘ब्रेक’ म्हणतात. स्नायू आणि अस्थिबंध यांना ‘टेअर’: ‘अ टॉर्न लिगामेंट’. शरीरातली पिशवी, नळी किंवा पडदा फाटला तर ‘रप्चर’: अपेंडिक्स, रक्तवाहिनी, कानाचा पडदा. बोलताना अपेंडिक्सला ‘बर्स्ट’ही म्हणतात.

आणि हो, ‘माझा पाय मोडला’ याला इंग्रजीत ‘आय ब्रोक माय लेग’ म्हणतात. मराठी कानाला हे स्वतःच स्वतःचा पाय मोडल्यासारखे वाटते, पण इंग्रजीत तसा वास अजिबात येत नाही. कारण पुढच्या उत्तरात आहे.

‘माझ्या हातून कप फुटला’ हे इंग्रजीत कसे सांगायचे?

सर्वात जास्त विचारला जाणारा आणि सर्वात जास्त गैरसमज करणारा हा प्रश्न आहे. आपण पटकन म्हणतो, ‘द कप गॉट ब्रोकन फ्रॉम माय हँड’. इंग्रजी बोलणारा असे म्हणत नाही.

मराठीत दोन वाटा स्वच्छ वेगळ्या आहेत. ‘मी कप फोडला’ म्हटले की हेतू आला, निदान संशय तरी आला. हेतू नव्हता हे सांगायला आपल्याकडे सुंदर सोय आहे: ‘माझ्या हातून फुटला’, ‘माझ्याकडून फुटला’. जबाबदारी घेतली आणि मुद्दाम केले नाही हेही सांगितले, दोन्ही एका दमात. इंग्रजीत ‘आय ब्रोक द कप’ हे वाक्य हेतूबद्दल काहीही बोलत नाही. कप माझ्यामुळे फुटला, इतकेच ते सांगते. म्हणून अपघाताने फुटला तरी इंग्रजी बोलणारा सरळ म्हणतो, ‘आय ॲम सो सॉरी, आय ब्रोक युअर कप’.

आता गंमत नव्हे, नुकसान कुठे होते ते पाहा. एखाद्या सहकाऱ्याचा कप तुमच्या हातून निसटला. ‘आय ब्रोक’ म्हणणे तुम्हाला कबुलीजबाबासारखे वाटते, म्हणून तुम्ही नम्रपणे म्हणता, ‘द कप ब्रोक’. तुमच्या मनात ‘हातून फुटला’ आहे. त्याच्या कानात मात्र ‘कप आपोआप फुटला, माझा संबंध नाही’ असे पडते. तुम्ही नम्रता दाखवलीत आणि त्याला टाळाटाळ ऐकू आली. असे घडताना पाहिले की फार वाईट वाटते, कारण दोघांपैकी कुणाचीच चूक नसते.

हेतू नव्हता हे स्पष्ट करायचेच असेल तर ‘आय ॲक्सिडेंटली ब्रोक इट’ म्हणा. ‘बाय मिस्टेक’ आपल्या तोंडी फार असते, पण त्याचा रोख ‘एकाऐवजी दुसरे समजून’ केलेल्या चुकीकडे असतो. दुसऱ्याची छत्री आपली समजून नेली तर ‘बाय मिस्टेक’. कप निसटला तर ‘बाय ॲक्सिडेंट’. मुद्दाम फोडला असे म्हणायचे असेल तर इंग्रजीला वेगळा शब्द जोडावा लागतो: ‘ऑन पर्पज’ किंवा ‘डेलिबरेटली’. ‘ही स्मॅश्ड द कप’ म्हटले तर रागाचा भास आपोआप येतो.

‘ब्रेक’ सकर्मक की अकर्मक?

दोन्ही. मराठीत आपण फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे अशा जोड्या करतो. ‘मोडणे’ मात्र एकटेच दोन्ही कामे करते: खुर्ची मोडली, त्याने खुर्ची मोडली. इंग्रजीतली ही बहुतेक क्रियापदे ‘मोडणे’सारखी वागतात. ‘द विंडो ब्रोक’, ‘शी ब्रोक द विंडो’. क्रॅक, स्नॅप, शॅटर, स्प्लिट, बर्स्ट, टेअर सगळी तशीच. त्यामुळे ‘मेड इट ब्रेक’ किंवा ‘गॉट ब्रोकन’ असा द्राविडी प्राणायाम करायची गरज नसते.

भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी १९७० मध्ये ‘हिट’ आणि ‘ब्रेक’ यांची तुलना करून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. ‘आय हिट हिज लेग’च्या जागी ‘आय हिट हिम ऑन द लेग’ म्हणता येते. ‘आय ब्रोक हिज लेग’च्या जागी ‘आय ब्रोक हिम ऑन द लेग’ म्हणता येत नाही. तसेच ‘द विंडो ब्रोक’ चालते, पण खिडकीला काही आदळले या अर्थी ‘द विंडो हिट’ चालत नाही. ‘हिट’ स्पर्श सांगते, वस्तूचे पुढे काय झाले ते सांगत नाही. ‘ब्रेक’ वस्तूत झालेला बदल सांगते, तो कशाने झाला ते सांगत नाही. वरच्या कपाच्या उत्तराचे मूळ हेच आहे.

‘बर्स्टेड’ बरोबर आहे का?

प्रमाण इंग्रजीत नाही. बर्स्ट-बर्स्ट-बर्स्ट. ‘स्प्लिट’ही तसेच, तिन्ही रूपे एकच. ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, टेअर-टोअर-टॉर्न, ब्लो-ब्लू-ब्लोन. बाकीची, म्हणजे क्रॅक, स्नॅप, स्मॅश, शॅटर, पॉप, एक्स्प्लोड, नियमित आहेत. ‘बस्ट’ हे ‘बर्स्ट’चेच बोलीतले भावंड. ‘गो बस्ट’ म्हणजे दिवाळे निघणे. औपचारिक लेखनात ते टाळा.

दोन स्पेलिंगची काळजी घ्या. गाडीचा ब्रेक बी-आर-ए-के-ई आणि मोडण्याचा ब्रेक बी-आर-ई-ए-के. उच्चार एकच असल्याने आपण दोन्ही सारखेच लिहितो आणि मग ‘माय कार्स ब्रेक्स फेल्ड’ लिहिताना चुकतो. ‘टेअर’चे उलटे आहे: स्पेलिंग एक, उच्चार दोन. फाडणे असेल तर ‘टेअर’, अश्रू असेल तर ‘टिअर’.

रडू फुटले, हसू फुटले: ‘बर्स्ट इंटू’ की ‘बर्स्ट आउट’?

‘इंटू’पुढे नाम, ‘आउट’पुढे आयएनजी लागलेले क्रियापद. ‘शी बर्स्ट इंटू टिअर्स’, ‘शी बर्स्ट आउट क्राइंग’. ‘दे बर्स्ट इंटू लाफ्टर’, ‘दे बर्स्ट आउट लाफिंग’. ‘बर्स्ट इंटू क्राइंग’ किंवा ‘बर्स्ट आउट टिअर्स’ या खिचड्या टाळा.

‘इंटू’ची यादी तशी मर्यादित आहे, पण देखणी आहे: ‘बर्स्ट इंटू साँग’, ‘बर्स्ट इंटू ॲप्लॉज’, ‘बर्स्ट इंटू फ्लेम्स’ म्हणजे एकदम भडका उडणे, ‘बर्स्ट इंटू ब्लूम’ म्हणजे एकाएकी बहर येणे. सगळीकडे तेच चित्र: आत साठलेले आवरेनासे झाले. ‘बर्स्टिंग विथ प्राइड’ म्हणजे अभिमानाने ऊर भरून येणे. मराठीत ऊर भरतो, इंग्रजीत तो फुटायच्या बेतात येतो. ‘बर्स्टिंग टु टेल यू’ म्हणजे कधी सांगतो असे झाले आहे. नुसते ‘आय ॲम बर्स्टिंग’ मात्र ब्रिटिश बोलीत लघवीची घाई झाल्याचे सांगते, तेव्हा उत्साह दाखवायला ते अर्धवट सोडू नका.

रागासाठी यातले कोणते?

राग साठत जाऊन भडकला तर ‘ही एक्स्प्लोडेड’ किंवा ‘ही ब्लू अप’. संयमाचा शेवटचा धागा एकदम तुटला तर ‘ही स्नॅप्ड’. ‘ही स्नॅप्ड ॲट मी’ मात्र खूप सौम्य आहे, माझ्यावर खेकसला इतकेच. एक ‘ॲट’ जोडला की सगळा स्फोट लहान होतो, हे ध्यानात असू द्या. अशा उद्रेकाला नाम हवे असेल तर ‘आउटबर्स्ट’. दडपणाखाली माणूस हळूहळू खचला तर ‘ही क्रॅक्ड अंडर प्रेशर’. काचेची तड आठवा, बाहेरून आकार तसाच आणि आत रेघ गेलेली.

मन, स्वप्न, विश्वास यांना काय लागते?

मनाला ‘ब्रेक’: ‘इट ब्रोक माय हार्ट’. जीव तुटतो म्हणतो तेव्हाही हेच जवळचे. स्वप्ने आणि आत्मविश्वास यांना ‘शॅटर’, कारण तिथे चक्काचूर अभिप्रेत असतो. विश्वासाला ‘ब्रेक’ चालते, ‘शॅटर’ अधिक खोल जाते. भ्रमाचा भोपळा फुटतो तिथे इंग्रजीत बुडबुडा फुटतो: ‘बर्स्ट समवन्स बबल’. शेअर बाजारातला फुगा फुटतो तोही ‘द बबल बर्स्ट’. इंग्लंडमधला १७२० चा ‘साउथ सी बबल’ आणि २००० मध्ये फुटलेला ‘डॉटकॉम बबल’ ही त्याची ठळक उदाहरणे. बाजार कोसळला या अर्थी ‘क्रॅश’, पण बुडबुड्याला ‘बर्स्ट’च.

‘आय ॲम शॅटर्ड’ ब्रिटिश माणूस म्हणाला तर घाबरून विचारपूस करू नका. बऱ्याचदा तो फक्त दमलेला असतो.

पेपर फुटला, बातमी फुटली, पक्ष फुटला. यांना ‘बर्स्ट’ म्हणता येईल का?

नाही. मराठीचे ‘फुटणे’ इथे फार दूरवर पोचले आहे आणि इंग्रजीत प्रत्येकाची वाट वेगळी. प्रश्नपत्रिका फुटली तर ‘द पेपर वॉज लीक्ड’. बातमी आधीच बाहेर गेली तर तेही ‘लीक’. ‘द न्यूज ब्रोक’ म्हणजे बातमी जाहीर झाली, त्यात चोरी नाही. गुपित फुटले तर ‘द सीक्रेट गॉट आउट’. पक्ष फुटला तर ‘द पार्टी स्प्लिट’. रस्त्याला फाटा फुटतो तिथे ‘द रोड फोर्क्स’.

पण काही ठिकाणी दोन्ही भाषा चकित व्हावे इतक्या जवळ येतात, फक्त आपले ‘फुटणे’ तिकडे ‘ब्रेक’ होते. तांबडे फुटले: ‘डॉन ब्रोक’. वयात येताना मुलाचा आवाज फुटला: ‘हिज व्हॉइस ब्रोक’. लाट खडकावर फुटली: ‘द वेव्ह ब्रोक’. दरदरून घाम फुटला: ‘ही ब्रोक आउट इन अ स्वेट’. फोनवर आवाज तुटतोय, याला तर शब्दही जवळपास तोच: ‘यू आर ब्रेकिंग अप’. ही वाक्ये घोकावी लागत नाहीत, एकदा जोडी दिसली की मनात बसतात.

तोडणे आणि फोडणे यांना नेहमी ‘ब्रेक’ चालेल?

फूल तोडू नका, याचे ‘डोन्ट ब्रेक द फ्लॉवर्स’ होत नाही. ‘पिक’ हवे. झाड तोडले तर ‘कट डाउन’, वीज तोडली तर ‘कट ऑफ’, संबंध तोडले तर ‘ब्रोक ऑफ’ किंवा ‘कट’. लाकूड फोडले तर ‘चॉप’ किंवा ‘स्प्लिट’, सांकेतिक संदेश फोडला तर ‘क्रॅक’, कुलूप फोडले तर ‘ब्रेक’, कोंडी फोडली तर ‘ब्रेक द डेडलॉक’. खापर फोडले तर मात्र ‘ब्लेम’, मडक्याचा मागमूस राहत नाही. फोड करून सांगणे म्हणजे ‘ब्रेक डाउन’, आणि हा मेळ मला फार आवडतो: दोन्ही भाषांना समजावून देणे म्हणजे तुकडे करून देणे वाटले.

नियम, वचन, विक्रम, सवय, लग्न: हे सगळे ‘मोडणे’ कसे सांगायचे?

पहिल्या चारांना बेधडक ‘ब्रेक’. विक्रम थोडक्यात मोडला तर ‘बीट’ही चालते, धुव्वा उडवला तर ‘स्मॅश’ किंवा ‘शॅटर’. ठरलेले लग्न मोडले तर ‘द एंगेजमेंट वॉज ब्रोकन ऑफ’. झालेला संसार मोडला तर ‘द मॅरेज ब्रोक डाउन’ किंवा ‘ब्रोक अप’. नोट मोडून सुटे मागायचे असतील तर अमेरिकेत ‘कॅन यू ब्रेक धिस?’ असे म्हटलेले सहज समजते.

ब्रेक डाउन, ब्रेक अप, ब्रेक आउट यांत गोंधळ होतो.

‘डाउन’मध्ये काम बंद पडते: गाडी, यंत्र, वाटाघाटी, आणि भावना अनावर झालेला माणूसही. ‘अप’मध्ये एकत्र असलेले वेगळे होते: जोडपे, बैठक, जमाव. ‘आउट’मध्ये नको ते एकाएकी सुरू होते: आग, युद्ध, साथ. ‘अ फायर ब्रोक आउट’ हे अकर्मकच राहते, ‘वॉज ब्रोकन आउट’ असे कधी लिहू नका. तुरुंग फोडून पळणे हेही ‘ब्रेक आउट’. घरफोडी म्हणजे ‘ब्रेक इन’, पण घराचे नाव घेतले की ‘ब्रेक इंटू’: ‘दे ब्रोक इंटू द हाउस’. ‘ऑफ’मध्ये तुकडा निखळतो किंवा बोलणे मध्येच थांबते. ‘थ्रू’मध्ये अडथळा भेदून पलीकडे जाणे आले.

शब्दसंग्रह वाढवायला काही युक्ती?

लॅटिनमधून आलेली दोन कुळे ओळखून ठेवा. ‘रप्ट’ म्हणजे फुटलेले: रप्चर, इरप्ट (उफाळून बाहेर येणे), इंटरप्ट (मध्ये तोडणे), डिसरप्ट (विस्कळीत करणे), ॲब्रप्ट (तुटक, अचानक). बँकरप्टही यातलेच. इटालियनमध्ये मोडलेल्या बाकाला जो शब्द होता, त्यावरून ते आले. दुसरे कूळ ‘फ्रॅक्ट’ किंवा ‘फ्रॅग’: फ्रॅक्चर, फ्रॅक्शन, फ्रॅगमेंट, फ्रॅजाइल. फ्रॅक्शन म्हणजे मोडलेली संख्या. आपल्याकडेही संस्कृत ‘स्फुट्’पासून फुटणे आणि स्फोट, ‘त्रुट्’पासून तुटणे आणि त्रुटी अशी घराणी आहेत, त्यामुळे ही पद्धत मराठी माणसाला परकी वाटू नये.

‘आय ॲम ब्रोक’ आणि ‘आय ॲम ब्रोकन’ यांत फरक काय?

पहिल्यात खिसा रिकामा आहे, दुसऱ्यात माणूस आतून कोलमडला आहे. अजिबातच पैसे नसतील तर ‘फ्लॅट ब्रोक’ म्हणतात. यंत्राला मात्र नेहमी ‘ब्रोकन’: ‘द लिफ्ट इज ब्रोकन’.